नक्षी शाबूत, टायर मात्र सात वर्षांचे

प्रश्न : आमचा दोन अ‍ॅक्सलचा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, सात वर्षांपूर्वी नवा घेतला. टायर अजून कंपनीतून आलेलेच आहेत, एसटी (म्हणजे खास ट्रेलरचे) २०५/७५ आर १४, लोड रेंज (ओझं पेलण्याची श्रेणी) सी. अ‍ॅक्सल दोन्ही ३,५०० पौंडांचे. वर्षाला तीन-चार सहलींपलीकडे ट्रेलर बाहेर पडत नाही, त्यामुळे नक्षी जवळपास नव्यासारखी आहे. गेल्या आठवड्यात धुताना उजवीकडच्या मागच्या टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, बारीक भेगा दिसल्या आणि नक्षीवर एके ठिकाणी हलकासा उंचवटा लागला. मिस्टरांचं म्हणणं, तेवढा एकच बदलू. टायरवाला सांगतो, त्याच मापाचे कारचे टायर घाला, मऊ चालतात आणि कमी पैशांत होतं. दीर म्हणतात, बदलायचेच तर १५ इंची २२५/७५, लोड रेंज ई घाला, कायमची काळजी मिटेल. महिन्याभरात सासू-सासऱ्यांना घेऊन लांब जायचं ठरलंय. ऐकू कुणाचं? आणि टायर कोणत्या कंपनीचे घेऊ?

उत्तर : तुमच्या पत्रातला तो उंचवटा मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. बाकीच्या गोष्टींना दोन-चार दिवस लागले तरी चालतील, याला नाही. तो टायर घालून ट्रेलर कुठेही हलवू नका, टायरवाल्याकडेसुद्धा नाही. चाक काढा आणि दुसऱ्या गाडीत टाकून न्या.

रेडियल टायरच्या नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे एकावर एक चिकटवलेले असतात. उष्णता, ओझं आणि वय यांनी त्यांच्यामधलं रबर कमजोर होतं, पट्टे सुटू लागतात आणि सुटलेल्या जागी नक्षी वर उचलली जाते. तुमच्या हाताला लागलं ते बहुधा हेच. खात्री करायची असेल तर ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवा, दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा आणि चाक जमिनीपासून बोटभर उचला. जॅक लावायचा तो ट्रेलरच्या चौकटीखाली, स्प्रिंगच्या आधाराजवळ. अ‍ॅक्सलच्या नळीखाली कधीही नाही, ती वाकते. चाकासमोर एक वीट ठेवा, विटेवर हात टेकवून खडू नक्षीपासून दोन-तीन मिलिमीटरवर धरा आणि चाक सावकाश फिरवा. चांगल्या टायरमध्ये खडू आणि रबर यांच्यातली फट फेरभर जवळपास सारखी राहते. पट्टे सुटले असतील तर त्या जागी रबर खडूला घासून जातं आणि नक्षीवर पांढरी रेघ उमटते. हीच तपासणी बाकीच्या तिन्ही चाकांवर करा. काम चालू असताना ट्रेलरखाली कुणीही जायचं नाही.

आता नक्षीचं. कारचा टायर गोटा झाला की बदलायचा, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की ट्रेलरलाही आपण तोच नियम लावतो. पण कारचे टायर झिजून संपतात, ट्रेलरचे बहुतेक वेळा झिजायच्या आधीच म्हातारे होतात. ट्रेलर महिनोन्‌महिने एकाच जागी ओझं घेऊन उभा असतो. ऊन आणि हवेतला ओझोन रबर कडक करतात. शिवाय टायर फिरत राहिला की रबरातलं संरक्षक मेण पृष्ठभागावर येत राहतं, उभ्या टायरात ते पुरेसं येत नाही. म्हणजे वर्षाला तीन-चारच सहली ही तुमच्या टायरांच्या बाजूने जाणारी गोष्ट नाही.

वय पाहायला साइडवॉलवरचा डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक शोधा. त्याचे शेवटचे चार अंक महत्त्वाचे. २३१८ असेल तर २०१८ सालचा २३ वा आठवडा. बाहेरच्या बाजूला हे चार अंक दिसले नाहीत तर टायर जुना असेल असं समजू नका. पूर्ण क्रमांक कित्येकदा एकाच साइडवॉलवर असतो आणि ती बाजू आत गेलेली असते. ट्रेलरखाली वाकून, मोबाइलने फोटो काढला की वाचता येतो. पाच वर्षांनंतर ट्रेलरच्या टायरवर लांबच्या प्रवासाचा भरवसा ठेवू नये आणि सहाव्या वर्षी, नक्षी कितीही छान असो, तो उतरवावा, असं माझं मत आहे. तुमचे सात वर्षं वापरात आहेत, म्हणजे तयार झाले ते त्याही आधी.

म्हणून मिस्टरांचा एकाच टायरचा हिशेब बसत नाही. एक टायर आजारी आणि तीन धडधाकट असं इथे नाही. चारही एकाच वयाचे, एकाच उन्हात उभे राहिलेले, एकच ओझं वाहिलेले. एकाची लक्षणं आधी दिसली इतकंच. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरमध्ये एक टायर फुटला तर त्या बाजूच्या शेजारच्या चाकावर क्षणात जवळपास दुप्पट ओझं येतं. चालकाच्या ते लगेच लक्षातही येत नाही, कारण ट्रेलर चालत राहतो. तोवर फाटलेली नक्षी चाबकासारखी फिरून चाकावरचा पत्रा, वायरिंग, पाण्याचे आणि गॅसचे पाइप फोडून मोकळी होते. एक टायर वाचवण्यासाठी इतका धोका पत्करण्यात अर्थ नाही. टायर चार घ्यायचे, आणि स्टेपनीही त्याच वयाची असणार, म्हणजे पाच.

कुठले घ्यायचे हे ठरवण्याआधी एक काम आहे. ट्रेलरचा काटा करून घ्या. बहुतेक जण हे काम टाळतात, आणि टायरचं गणित नेमकं तिथेच चुकतं.

तुमच्याच आकड्यांकडे बघा. लोड रेंज सीच्या त्या टायरवर ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवेला १,७६० पौंड, म्हणजे ८०० किलो, अशी मर्यादा छापलेली असते. चार टायरांचे ७,०४० पौंड. दोन अ‍ॅक्सलची मर्यादा मिळून ७,०००. मधे उरले फक्त ४० पौंड, म्हणजे साधारण १८ किलो. पाण्याने भरलेला एक मोठा कॅन ट्रेलरमध्ये ठेवलात की ती शिल्लक संपली. अ‍ॅक्सल पूर्ण भरले तर टायर सात वर्षं आपल्या मर्यादेच्या काठावर चालत होते, तेही चारही चाकांवर वजन अगदी सारखं वाटलं गेलं असेल तर. ते तसं कधीच नसतं. एका अंगाला स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज, बाहेर सरकणारी खोली. दुसऱ्या अंगाला नुसतं कपाट. समजा, अ‍ॅक्सलवरचं एकूण वजन ६,४०० पौंड भरलं. सरासरीने एका चाकावर १,६००, ऐकायला बरं. पण त्यातले ३,४५० एकाच बाजूला असतील तर तिकडच्या प्रत्येक टायरवर १,७२५ येतात आणि शिल्लक उरते ३५ पौंडांची.

काटा करताना ट्रेलर रिकामा नेऊ नका. प्रवासाला निघताना जसा भरता तसाच भरा : पाणी, गॅसची टाकी, भांडीकुंडी, अंथरुणं, खुर्च्या. ट्रकच्या काट्यावर गाडी आणि ट्रेलर जोडलेल्या अवस्थेत उभे करून ट्रेलरच्या दोन्ही अ‍ॅक्सलचं वजन वेगळं मागून घ्या. मग जागा सपाट असेल आणि काटेवाला तयार असेल तर एकाच बाजूची चाकं काट्यावर आणि दुसऱ्या बाजूची बाहेर, असं पुन्हा तोला. एकूणातून ते वजा केलं की दुसरी बाजू कळते. सगळ्यात जड बाजूचं वजन दोनने भागा. तुमचे टायर या आकड्यावर ठरतील, सरासरीवर नाही. त्या आकड्याच्या वर किमान १५ ते २० टक्के क्षमता टायरात हवी. आणि काट्यावर एखादा अ‍ॅक्सल ३,५०० च्या वर गेलेला दिसला, तर त्याला कुठलाही टायर उपाय नाही. सामान उतरवावं लागेल.

टायरवाल्याच्या सल्ल्याकडे येते. माप तेच म्हणजे टायर तोच, असं त्याने गृहीत धरलंय. २०५/७५ आर १४ या मापाच्या कारच्या टायरचा लोड इंडेक्स, म्हणजे ओझ्याचा सांकेतिक आकडा, सहसा ९५ असतो, म्हणजे ६९० किलो. अमेरिकी नियमांनुसार कारचा टायर ट्रेलरला लावायचा झाला तर त्याची क्षमता १.१० ने भागून धरावी लागते. उरले साधारण ६२७ किलो. चार टायरांचे मिळून सुमारे २,५१० किलो, आणि तुमच्या अ‍ॅक्सलची मर्यादा ३,१७५. हे टायर तुमच्या ट्रेलरला बसतील, पेलणार नाहीत.

मऊ चालतात हे मात्र तो खरं सांगतो, आणि मऊपणाच इथे नडतो. कधी मिस्टर ट्रेलर अरुंद जागेत वळवून मागे घेत असतील तेव्हा तुम्ही बाहेर उभं राहून चाकांकडे नीट बघा. ट्रेलरची चाकं वळत नाहीत. दोन अ‍ॅक्सल म्हटल्यावर पुढचं चाक एका बाजूला आणि मागचं दुसऱ्या बाजूला फरफटतं. रिम सरकते, नक्षी जमिनीला चिकटून राहते आणि मधली साइडवॉल दुमडून रिमच्या बाहेर येते. जमिनीवर रबराचे काळे ओरखडे उमटतात. प्रत्येक वळणावर थोड्या प्रमाणात हेच चालू असतं आणि पट्ट्यांमधल्या रबराला पीळ बसत राहतो. एसटी म्हणजे स्पेशल ट्रेलर. या टायरची साइडवॉल हा आडवा ताण आणि जास्त ओझं धरूनच कडक केलेली असते. ट्रेलरमध्ये माणसं बसत नाहीत, त्यामुळे मऊ चालण्याचा फायदा तसाही कुणाला नाही. पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी : १६ इंची रिमवाल्या जड ट्रेलरना छोट्या ट्रकचे, एलटी लिहिलेले टायर हा चांगला पर्याय असतो, त्यांना ती १.१० ची कपात लागत नाही. फक्त त्याच मापाच्या एसटीपेक्षा त्यांची छापील क्षमता कमी असते, ती काट्याच्या आकड्याशी ताडून घ्यावी. युरोपातल्या कॅरव्हॅनना मापापुढे सी हे अक्षर असलेले माल वाहतुकीचे टायर बऱ्याचदा दिसतात. तो सी आणि लोड रेंज सी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गल्लत करू नका.

दिरांचा रोख बरोबर आहे, शिल्लक क्षमता हवीच. पण मोठा टायर बसेल का, हे आधी मोजावं लागेल. तुमच्या आताच्या टायरचा व्यास साधारण ६६३ मिलिमीटर, २२५/७५ आर १५ चा सुमारे ७१८. दोन चाकांमधली फट सरळ ५५ मिलिमीटरने कमी होते आणि वरच्या पत्र्यापासूनचं अंतर २७-२८ ने. खड्ड्यात स्प्रिंग दबली की टायर पत्र्याला घासतो. ट्रेलर तेवढाच उंच होतो, म्हणजे हिचची, गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या कडीची, उंची पुन्हा जुळवायची. पाच नवी रिम वेगळी, आणि ती ८० पीएसआय पेलणारी हवीत. एवढं करून अ‍ॅक्सल ३,५०० पौंडांचेच राहतात. टायर दणकट दिसले की सामान वाढतं, आणि मग वाकतो तो अ‍ॅक्सल.

तुमच्यासाठी मला योग्य वाटतात ते याच मापाचे, एसटी २०५/७५ आर १४, लोड रेंज डी. प्रत्येकी २,०४० पौंड, ६५ पीएसआयला. चारांचे ८,१६० होतात, म्हणजे पूर्ण भरलेल्या अ‍ॅक्सलवरही साडेसोळा टक्के शिल्लक. जड बाजूच्या चाकावर १,७२५ आले तरी १८ टक्के. व्यास तोच, त्यामुळे फटीची चिंता नाही.

यात एक मेख आहे. डीचे टायर घालून ट्रेलरच्या स्टिकरवरचा जुना ५० पीएसआय भरत राहिलात तर क्षमताही जुनीच मिळते, १,७६० पौंड. ओझं पेलते ती हवा, टायर तिला फक्त धरून ठेवतो. डीचा फायदा हवा असेल तर ६५ भरायला हवेत, आणि म्हणून टायर विकत घ्यायच्या आधी रिम तपासायला हवी. तिच्या मागच्या बाजूला कमाल ओझं आणि काही वेळा कमाल हवा कोरलेली असते. २,०४० पौंड आणि ६५ पीएसआय दोन्ही चालत असतील तरच डी घ्या. रिमची मर्यादा कमी निघाली तर रिमसकट बदला, किंवा सीच ठेवून ट्रेलरमधलं वजन उतरवा. व्हॉल्व्हचंही तसंच. दाबून बसवायचे साधे रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचेच असतात, म्हणजे तुम्ही त्यांच्या टोकाला पोचता. नटाने आवळायचे धातूचे व्हॉल्व्ह मागा. पुढे हवेचा दाब दाखवणारे सेन्सर व्हॉल्व्हवर लावाल तेव्हा रबरी व्हॉल्व्ह त्या वजनाने हलून मुळाशी चिरतो, धातूचा टिकतो.

कंपनीचं नाव तुम्ही विचारलंत, पण नाव मी देणार नाही. वजन, हवा आणि वय चुकलं तर नामांकित टायरही फुटतो. नावापेक्षा चार गोष्टी पाहा. पाचही टायर एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे रेडियल असावेत. रेडियल आणि जुन्या बायस पद्धतीचे टायर एका ट्रेलरवर मिसळू नका. वेगाचं अक्षर पाहा : एल म्हणजे ताशी १२० किलोमीटर, एम म्हणजे १३०. जुन्या घडणीच्या एसटी टायरवर अक्षर नसेल तर मर्यादा १०५ धरतात. एम घेतला म्हणून १३० ने ओढायचं नाही, पण तो टायर त्याच वेगाला कमी तापायला हवा. तिसरं म्हणजे तारीख. ऑर्डर देतानाच सांगा की सहा महिन्यांपेक्षा जुने घेणार नाही, आणि बसवण्याआधी पाचही टायरवरचे चार अंक स्वतः वाचा. दुकानात वर्ष-दीड वर्ष पडून राहिलेला टायर तुमच्या पाच वर्षांतली तेवढी वर्षं खाऊन येतो. चौथं, वॉरंटीत फक्त टायरची भरपाई आहे की फुटल्याने ट्रेलरच्या झालेल्या नुकसानीचीही, हे लेखी विचारा.

जुने टायर उतरले की फेकण्याआधी पाच मिनिटं त्यांच्याकडे बघा. ट्रेलरमध्ये काय बिघडलंय ते कळतं. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली. फक्त आतली कड झिजली असेल तर अ‍ॅक्सल वाकलाय किंवा ओझं जास्त होतंय. खड्डे-खड्डे पडल्यासारखी झीज असेल तर बेअरिंग ढिलं असेल किंवा चाकाचा तोल गेलेला असेल. अशी झीज असताना नवे टायर घातले तर तेही तसेच झिजतील. चाकं निघालेलीच आहेत तर बेअरिंग तपासून ग्रीसही त्याच वेळी भरून घ्या.

चाकांचं बॅलन्सिंग करायला सांगा. ट्रेलरला कशाला, असं बरेच टायरवाले म्हणतात. ट्रेलरच्या कित्येक रिमचं मधलं भोक अचूक केंद्रात नसतं, चाक नटांवर केंद्रित होतं. म्हणून मशिनवर चाक नटांच्या भोकांतून धरणारा अडॅप्टर वापरायला लावा. नट शेवटी टॉर्क पान्यानेच आवळायचे, ताऱ्याच्या क्रमाने, म्हणजे एक सोडून समोरचा. अर्ध्या इंची बोल्टला साधारण ९० ते १२० फूट-पौंड लागतात : आधी २०-२५, मग ५०-६०, मग पूर्ण. तुमच्या अ‍ॅक्सलच्या पुस्तकातला आकडा वेगळा असेल तर तो पाळा. नवी बसवलेली चाकं पहिल्या प्रवासात जागा धरतात आणि नट सैल पडतात. म्हणून १६, ४० आणि ८० किलोमीटरवर थांबून पाना पुन्हा लावायचा.

हवा सकाळी, ऊन लागायच्या आधी भरा. छापलेला आकडा थंड टायरचा असतो. तापमान ५-६ अंशांनी बदललं की ६५ च्या टायरमध्ये सुमारे दीड पीएसआयचा फरक पडतो. चालून तापल्यावर तो ७५ पर्यंत गेला तरी ठीकच. हवा सोडू नका, रात्री टायर थंड झाला की तो कमी भरलेला निघेल आणि दुसऱ्या दिवशी जास्त तापेल. सेन्सर घेत असाल तर कमी हवेची सूचना ५८-५९ पीएसआयला लावा. दर थांब्यावर हबजवळ आणि टायरवर हात फिरवा, पण चटका बसू शकतो, म्हणून आधी थोड्या अंतरावरून. एकच टायर बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर हवा बघा, आणि टायर थंड पण हब गरम असेल तर ब्रेक किंवा बेअरिंग.

महिना हातात आहे. या आठवड्यात रिम आणि फटी पाहून घ्या. उंचवट्याच्या टायरच्या जागी स्टेपनी लावायची असेल तर आधी तीही खडूने तपासा, आणि मग सावकाश, जवळच्यात जवळच्या काट्यापर्यंतच जा. इतर चारांपैकी एखादा त्या तपासणीत नापास झाला तर काटा नव्या टायरांवरच करा, ऑर्डर आधी देऊन. टायर बसल्यावर सासू-सासऱ्यांना घेऊन निघायच्या आधी ट्रेलर पूर्ण भरून ऐंशी-शंभर किलोमीटरची एक फेरी मारून या. नट पुन्हा आवळायचे ते तीनही थांबे त्या फेरीतच उरकतील. नवी स्टेपनी ट्रेलरच्या पोटाखाली लटकवत असाल तर त्या फेरीत एकदा ती काढून, जॅक लावून, दोघांनी मिळून चाक बदलून बघा. कारचा जॅक तिथे पुरेसा उंच जातो का, आणि कारचा पाना ट्रेलरच्या नटांना बसतो का, हे घराजवळच कळलेलं बरं.